गव्हाचे बी, शेत आणि कणीक

एकाच पिशवीतील बी दोन शेतांत पेरले, तरी दोन्हीकडचा गहू सारखा उतरत नाही. आणि अधिक पोती देणाऱ्या गव्हाची कणीक अधिक चांगली असतेच, असेही नाही. याची कारणे शिक्षकांनी मुलांस समजावून द्यावीत.

प्रथम बियाण्याचा विचार करू. शरबती गव्हाच्या पेशीत ४२ गुणसूत्रे असतात; बन्सी व खपली यांच्या पेशीत २८. शरबतीतील अधिक १४ गुणसूत्रांवरील काही जनुकांमुळे पिठातील ग्लूटेन या चिवट द्रव्यास लवचीकपणा येतो व पाव चांगला फुगतो. बन्सीचा रवा व शेवया उत्तम होतात.

बीज सुधारताही येते. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे भारतात आले. त्या बुटक्या जाती भरपूर खत देऊनही लोळत नसत. त्यामुळे उतारा वाढला. परंतु दाणा लालसर असल्याने लोकांस तो रुचेना. तेव्हा दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत सोनोरा ६४ या जातीवर किरणांचा प्रयोग करून पिवळसर दाण्याची शरबती सोनोरा तयार करण्यात आली.

तथापि बीज केवळ मर्यादा ठरविते. त्या मर्यादेत काय पदरात पडेल, हे शेत व हवामान ठरविते. ओंबीत दाणा भरत असता ऊन चढले, तर पिष्ट साठण्यास अवधी मिळत नाही. दाणा सुरकुततो व वजन घटते. महाराष्ट्रात बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा असे सांगतात, ते याचसाठी. जमिनीत नत्र कमी पडल्यास प्रथिने घटतात व कणीक दुबळी होते.

वर्गात एक सोपा प्रयोग करावा. दोन घरांची कणीक समान वजनाने घेऊन घट्ट भिजवावी व अर्धा तास ठेवावी. मग पातळ फडक्यात बांधून पाण्यात चोळावी. पिष्ट दुधाळ पाण्यातून निघून जाते. थोड्या कोंड्यासह रबरासारखा गोळा उरतो. तेच ग्लूटेन होय. दोन्ही गोळे ताणून पाहावेत आणि जात, पेरणीची तारीख, खत व पाण्याच्या पाळ्या यांची नोंद मुलांनी घरी विचारून करावी.

पीक बसले की केवळ बियाण्यास अथवा नशिबास दोष देण्याची सवय अशा नोंदींनीच सुटेल.