मोठ्या आतड्याचा कर्करोग : तपासणी कोणती करावी?

"डॉक्टर, त्रास काही नाही, पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी करून घेऊ का?" पन्नाशीची मंडळी हल्ली असे विचारू लागली आहेत. प्रश्न योग्य आहे. मात्र उत्तर सर्वांना एकच नाही.

हा कर्करोग बहुधा एकाएकी होत नाही. आतड्याच्या अस्तरावर आधी कोंबासारखी लहान गाठ येते. तिला पॉलिप म्हणतात. सगळेच पॉलिप बिघडत नाहीत. जे बिघडतात त्यांनाही साधारण १० वर्षे लागतात. तेवढ्या मुदतीत पॉलिप काढला, तर कर्करोग टळतो.

तपासण्या मुख्यतः दोन. पहिली शौचाची. 'फिट' नावाच्या या चाचणीत डोळ्यांना न दिसणारे रक्त कळते. नमुना घरीच घेता येतो, पथ्य लागत नाही. पण गाठीतून रोज रक्त येतेच असे नाही, म्हणून ही चाचणी दरवर्षी करावी लागते.

दुसरी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी. आदल्या दिवशी जुलाबाचे औषध घेऊन आतडे साफ करावे लागते. पॉलिप दिसल्यास बहुधा त्याच वेळी काढता येतो. सर्व ठीक निघाले, तर सर्वसाधारण माणसाला पुढे १० वर्षे ती करावी लागत नाही. खर्च मात्र जास्त. क्वचित रक्तस्राव होतो किंवा आतड्याला छिद्र पडते.

अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०२१ मध्ये ४५व्या वर्षापासून तपासणीचा सल्ला दिला. आपल्याकडे या रोगाचे प्रमाण तिकडच्यापेक्षा कमी आहे. त्यामुळे त्रास नसलेल्या, घराण्यात हा रोग नसलेल्या माणसाने तपासणी करायची ठरवलीच, तर 'फिट'पासून सुरुवात करणे पुरेसे आहे.

आई, वडील, भावंड किंवा अपत्य यांपैकी कोणाला हा कर्करोग झाला असेल, तर दुर्बीणच बरी. ती ४०व्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाआधी १० वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करावी. वडिलांना ४५व्या वर्षी झाला असेल, तर मुलांनी ३५व्या वर्षी.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. 'फिट'मध्ये रक्त आढळले म्हणजे कर्करोगच असे नाही. पण दुर्बीण करायलाच हवी. दुसऱ्या लॅबमधून 'निगेटिव्ह' रिपोर्ट आणून मनाचे समाधान करून घेऊ नका.

आणि शौचावाटे रक्त पडते, शौचाची सवय बदलली आहे, वजन घटते आहे किंवा कारण नसताना हिमोग्लोबिन उतरले आहे, अशांनी 'फिट'च्या भरवशावर न राहता थेट डॉक्टरांकडे जावे. रक्त पडले की आपण 'मूळव्याधच असणार' म्हणून मलम लावत बसतो. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण मूळव्याध असलेल्यालाही कर्करोग होऊ शकतो. चाळिशीनंतर तर तपासल्याशिवाय मूळव्याधीचे औषध घेऊच नका.