विश्लेषण : गोळी लागूनही माणूस पडत का नाही? ‘दमदम’ बुलेटमागचे गणित काय?

कोलकात्याला विमानाने गेला असाल, तर दमदमलाच उतरला असाल. याच दमदमच्या शस्त्रनिर्मिती कारखान्यात १८९०च्या दशकात तयार झालेल्या एका गोळीवर पुढे युद्धात बंदी आली. ‘स्टॉपिंग पॉवर’ म्हणजे समोरच्याला जागीच थांबवण्याची गोळीची क्षमता. ती कशावर ठरते, हे या गोळीच्या गोष्टीतून नेमके कळते.

तक्रार काय होती?

१८९५च्या चित्राल मोहिमेत (हा भाग आता पाकिस्तानात आहे) ब्रिटिश सैनिकांच्या हाती ली-मेटफर्ड ही नवी रायफल होती. गोळी लागूनही हल्लेखोर धावून येतात, अशी तक्रार सुरू झाली. मग नवी गोळी कमजोर होती का?

आधीच्या मार्टिनी-हेन्री रायफलची गोळी ३१ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ४०० मीटर. नवी गोळी १४ ग्रॅमची, वेग सुमारे ६०० मीटर. शाळेतले गतिज ऊर्जेचे सूत्र लावून पाहा. दोन्हींचे उत्तर जवळपास सारखेच येते, अडीच हजार ज्यूल!

फरक रचनेत होता. जुनी गोळी जाड, मऊ शिशाची. शरीरात शिरताच ती चपटी व्हायची आणि ऊर्जा आतच खर्च व्हायची. नव्या गोळीवर कडक धातूचे आवरण होते. ती आरपार जायची आणि बरीच ऊर्जा सोबत घेऊन जायची. दमदमच्या कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकावरचे आवरण काढून शिसे उघडे ठेवले. आता गोळी आत गेल्यावर पसरू लागली, जखमा भीषण होऊ लागल्या.

(सिनेमात गोळी लागलेला माणूस दहा फूट मागे उडतो, ते विसरा. ही १४ ग्रॅमची गोळी ७० किलोच्या माणसात रुतली, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम १२ सेंटिमीटर.)

बंदी कशी आली?

१८९९च्या हेग परिषदेत पसरणाऱ्या गोळ्यांवर युद्धात बंदी घालण्यात आली. ब्रिटन आणि अमेरिकेने विरोधात मत दिले. युरोपीय सैनिक गोळी लागली की थांबतो, ‘रानटी’ थांबत नाही, असा ब्रिटिश प्रतिनिधीचा युक्तिवाद होता. शरीरशास्त्राला असा भेद ठाऊक नाही. अखेर १९०७मध्ये ब्रिटननेही बंदी मान्य केली.

मग पोलीस त्या का वापरतात?

हेगची बंदी युद्धापुरती आहे. अनेक देशांचे पोलीस पसरणाऱ्या गोळ्या वापरतात, कारण आरपार गेलेली गोळी मागच्या निरपराध माणसाला लागू शकते. पण उलटा धोकाही आहे. एप्रिल १९८६मध्ये मायामीत एफबीआय आणि दोन दरोडेखोरांत चकमक झाली. एकाच्या दंडातून छातीत घुसलेली ९ एमएमची गोळी पसरली आणि हृदयाच्या अलीकडेच थांबली. त्यानंतरही तो गोळ्या झाडत राहिला. दोन एजंट ठार झाले.

मेंदू किंवा मणक्याच्या वरच्या भागावर आघात झाला, तरच माणूस तत्काळ कोसळतो. अगदी हृदय निकामी झाले, तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल इतका ऑक्सिजन उरतो. म्हणून मायामीनंतर एफबीआयने गोळी जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान १२ इंच शिरलीच पाहिजे, अशी अट घातली. त्यानंतर मोठ्या, जास्त ऊर्जेच्या गोळ्याही वापरून झाल्या. त्यांच्या धक्क्याने नेम बिघडू लागला. गोळ्यांची रचना सुधारल्यावर गेल्या दशकात एफबीआय पुन्हा त्याच ९ एमएमकडे वळली.