कट्ट्यावरचा मोर कोणाचा?

साकोलीच्या बाजारात तांदळाचा कट्टा नाव वाचून घेणारे थोडे. 'मोरवाला द्या', एवढंच पुष्कळांना पुरतं. त्यामुळे नक्कल करणारा नाव जसंच्या तसं उचलत नाही. एक अक्षर बदलतो, पण हिरवा रंग ठेवतो आणि मोरही त्याच कोपऱ्यात बसवतो. राईस मिलवाला म्हणतो, 'नाव वेगळं आहे, मग करणार काय?'

करता येतं. मुंबईच्या पार्लेनं म्हैसूरच्या एका बिस्किटवाल्यावर दावा लावला होता. दोघांच्याही वेष्टनावर मुलगी, गायी, कोंबड्या आणि मागे कुंपणाचं शेतघर. एकावर 'ग्लुको', दुसऱ्यावर 'ग्लुकोज'. उच्च न्यायालयानं दोन्हींतले फरक पाहिले आणि पार्लेची मागणी नाकारली. सर्वोच्च न्यायालयानं 1972 मध्ये तो निकाल फिरवला. दोन वेष्टनं शेजारी ठेवून फरक शोधायचे नसतात, एकाची सवय असलेला गिऱ्हाईक दुसरं हातात आल्यावर फसेल का, हे पाहायचं असतं. म्हणजे 'मोरवाला द्या' म्हणणाराच कायद्याचं मोजमाप ठरला.

ट्रेडमार्कची नोंदणी नसली तरी 'पासिंग ऑफ'चा, म्हणजे दुसऱ्यानं त्याचा माल आपला म्हणून खपवल्याचा, दावा लावता येतो. मात्र तिथे आपला नावलौकिक, गिऱ्हाइकाची दिशाभूल आणि त्यातून होणारं नुकसान, सगळं आपणच शाबीत करायचं. नोंदणी असली की हे ओझं बरंच हलकं होतं.

मग मिलवाले नोंदणीला का कचरतात? मला तर याचं मूळ जीएसटीत दिसतं. 2017 मध्ये नोंदणीकृत ब्रँडच्या पॅकबंद तांदळावर 5 टक्के कर बसला आणि 'नाव नोंदवलं की कर लागतो' हे डोक्यात पक्कं झालं. तेव्हा नोंदणी रद्द करून सुटायची वाटही सरकारनं बंद केली होती: 15 मे 2017 ला नोंद असलेला ब्रँड नंतर रद्द केला तरी कराच्या हिशेबात तो नोंदणीकृतच. 18 जुलै 2022 पासून हा निकषच गेला. आता 25 किलोपर्यंतचा, लेबल लावलेला पॅकबंद माल करपात्र, ब्रँड नोंदवलेला असो वा नसो. भीती मात्र अजून जुन्याच नियमाची!

ट्रेडमार्कचा अर्ज ऑनलाइन होतो. तांदूळ 30 व्या वर्गात येतो आणि व्यक्ती किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी 4500 रुपये शुल्क पडतं. ट्रेडमार्क जर्नलमध्ये जाहिरात आल्यावर चार महिने कुणालाही हरकत घेता येते. नोंदणी 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण. फक्त 'चिन्नोर' किंवा 'नागझिरा' एवढंच नाव धरून बसू नका; वाणाचं किंवा ठिकाणाचं नाव एकट्याच्या मालकीचं होणं अवघड. भंडारा चिन्नोरचं भौगोलिक मानांकन तर सगळ्याच पात्र उत्पादकांसाठी आहे. आपला मोर, आपले रंग, आपली अक्षरं नोंदवा.

नक्कल रायपूरची असली तरी दाव्यासाठी तिकडे जावं लागत नाही. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 134 नोंदणीकृत मालकाला आपण राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू देतं. साकोलीकराला भंडारा पुरे.

एक मात्र आजच करा. आपल्या ब्रँडचं नाव छापलेलं सगळ्यात जुनं बिल आणि बारदाना छापून घेतल्याची पावती शोधून जपून ठेवा. नंतर दुसऱ्या कुणी तेच नाव नोंदवलं, तरी कलम 34 प्रमाणे आधीपासून सलग वापरणाऱ्याला तो अडवू शकत नाही, आणि हे 'आधीपासून' त्या कागदांवरूनच ठरतं.