एकट्याचे संगीत आणि चार पानांचा करार

पेणच्या न्यायालयातले काम आटोपून आम्ही कार्यालयात आलो, तर दारात एक तरुण उभा होता. पाठीला बॅग, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेली चार पाने. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात तो कंत्राटी कामगार आहे. रोह्याहून निडी, नागोठणे, कासू करीत गाडीने पेणला आला होता आणि रात्रपाळीच्या आत त्याला परत पोचायचे होते. म्हणाला, "वकीलसाहेब, यावर सही करू का, एवढंच सांगा."

पाने इंग्रजीत होती. आठ गाण्यांचे सर्व हक्क कायमचे, साऱ्या जगासाठी, आज असलेल्या व पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांसाठी, एकरकमी मोबदल्यात एका कंपनीला दिले, असा त्यांचा सारांश. आम्ही विचारले, गाणी कुणी लिहिली? "मीच." चाली? "मीच." वाद्ये कुणी वाजवली, ध्वनिमुद्रण कुठे झाले? "मीच वाजवली, घरातच केलं." मग गाणी आहेत तरी कसली? तो जरा लाजला. म्हणाला, "मेटल म्हणतात साहेब. इलेक्ट्रॉनिक. तुम्हाला नाही आवडणार."

आम्ही भीमगीतांवर आणि शाहिरीवर वाढलेली माणसे. मेटल म्हणजे केस वाढवून केलेला श्रीमंतांच्या पोरांचा आरडाओरडा, अशीच आमची समजूत. तरीही अशील जे विकायला निघाला आहे ते न पाहता वकिलाने सल्ला देणे बरे नव्हे, म्हणून हेडफोन कानाला लावला. पहिल्या मिनिटाला काढून ठेवावासा वाटला. दुसऱ्या मिनिटाला त्या घणांमागून पाळी बदलल्याचा भोंगा ऐकू आला, पंपाची घरघर ऐकू आली आणि फाटलेल्या आवाजात मराठी शब्द कानी पडले. आठ तास यंत्रापुढे उभे राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात घरी आल्यावरही जे चालू राहते, ते त्या पोराने बाहेर काढून ठेवले होते. मग मात्र आम्ही आठही गाणी ऐकली.

हे काम तो कसे करतो, हे समजून घेण्यात आमचा तासभर गेला. एक जुना संगणक, एक गिटार आणि गिटारचा आवाज संगणकात नेणारी छोटी पेटी. ढोल वाजवणारा माणूस नाही. ठोके पडद्यावरच्या चौकटीत एकेक करून भरायचे. मिडी नावाची एक पद्धत १९८३ पासून जगभर चालते; तिच्यात प्रत्येक ठोक्याचा जोर १ ते १२७ अशा आकड्यांत सांगता येतो. सगळे ठोके एकाच जोराचे ठेवले, तर कान लगेच ओळखतो की हे यंत्र आहे. म्हणून कुठे १२०, कुठे ९७, कुठे १०८ असे हाताने बदलायचे. मिनिटाला १८० ठोके या लयीत चार मिनिटांचे गाणे धरले, तर मूळ ठोके ७२० होतात. प्रत्येकाचे चार तुकडे केले की २,८८०. गिटार एकदा डाव्या कानासाठी आणि तीच पुन्हा उजव्या कानासाठी वाजवायची, म्हणजे आवाज भिंतीसारखा उभा राहतो. एक गाणे पुरे व्हायला त्याला दोन-दोन महिने लागतात, कारण सुटीचा दिवस आणि पाळीनंतरचे दोन-तीन तास एवढाच वेळ त्याच्या हाती असतो. मधेच वीज गेली आणि काम साठवलेले नसले, तर त्या रात्रीची मेहनत वाया.

गंमत अशी की इतके दणदणीत संगीत अगदी शांत खोलीत जन्माला येते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती मोडण्याचा प्रश्नच नाही, कारण सारा दणका हेडफोनच्या आत! आईला ऐकू येते ती फक्त बटणांची टकटक. पोरगा रात्रभर संगणकावर काय करतो, याचीच तिला काळजी. पेण-रोह्यात या संगीताला रंगमंच नाही, चूक दाखवणारा जोडीदार नाही. मुंबई-पुण्याला कार्यक्रम मिळालाच, तर बाकीची वाद्ये संगणकावर लावून एकट्याने उभे राहायचे.

"हे आपलं संगीत नाही," असे त्याला अनेकांनी ऐकवले आहे. आम्ही याच्याशी सहमत नाही. या संगीताचे मूळच मुळी कारखान्यात आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात टोनी आयोमी नावाचा १७ वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, कामाच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात हाच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली आणि पुढे तारा सैल सोडून खालच्या सुरात लावल्या. १९७० साली त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या चमूची पहिली तबकडी निघाली आणि हेवी मेटलची सुरुवात तिथून मानली जाते. अपघातात बोटे गमावलेले कामगार पाहायला आपल्याकडे फार लांब जावे लागत नाही. मग हे संगीत आपल्याला परके कसे?

परकेपणाचेच म्हणाल, तर आपली पेटी युरोपातून आली. आणि गणपतीत, लग्नात टेंपोवर कर्णे बांधून वाजणारा रायगडचा लाडका बेंजो? टंकलेखन यंत्रासारखी बटणे दाबून तारा वाजवायचे ते वाद्य १९१२ च्या सुमारास जपानमध्ये, नागोया शहरात तयार झालेल्या तायशोगोतोचे भावंड आहे. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झाले, कोकणात बेंजो झाले, आपल्या पोरांनी त्याला विजेची जोड दिली. वाद्य कुठून आले यापेक्षा ते वाजवणाऱ्याच्या पदरात काय पडले, हा खरा प्रश्न आहे. गावकीच्या काळात वाजवणारा एक आणि दारात उभा राहून ऐकणारा दुसरा. वाजवणे हे कर्तव्य, आणि मोबदला म्हणजे दुसऱ्याची मर्जी. या इतिहासातून बाहेर पडलेल्या समाजाच्या मुलाने स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या संगणकावर, कुणाच्याही हुकुमाविना संगीत करावे, ही साधी गोष्ट नव्हे.

एकट्याने संगीत करणारे जगात पुष्कळ आहेत. अमेरिकेतील क्लीव्हलंडचा ट्रेंट रेझ्नर एका स्टुडिओत झाडलोटीसह पडेल ते काम करीत असे आणि स्टुडिओ रिकामा असताना तिथेच आपली गाणी ध्वनिमुद्रित करीत असे. त्यातून १९८९ साली 'नाइन इंच नेल्स' या नावाने त्याची पहिली तबकडी आली. पुढे तो मोठा झाला, पण २००४ साली त्याला आपल्या जुन्या मित्रावर, म्हणजे व्यवस्थापकावरच दावा लावावा लागला. तरुणपणी सही केलेल्या करारात व्यवस्थापकाला निव्वळ नव्हे, तर एकूण उत्पन्नाच्या २० टक्के लिहून दिले होते, अशी त्याची तक्रार होती. २००५ साली न्यूयॉर्कच्या ज्यूरीने त्याच्या बाजूने सुमारे २९ लाख डॉलरचा निकाल दिला. आपल्याकडे मुंबईचा साहिल मखीजा 'डीमनस्टीलर' या नावाने २००८ पासून स्वतःच्या एकट्याच्या तबकड्या काढतो. २०१६ च्या तबकडीत ग्रीसचा नामवंत ड्रमवादक जॉर्ज कोलियास पाहुणा म्हणून वाजला. पण मखीजाला असंख्य लोक ओळखतात ते त्याच्या पाककृतींच्या कार्यक्रमामुळे. एवढ्या वर्षांच्या नावाजलेल्या कलावंतालाही संगीताच्या जोडीला दुसरे काही लागते, तर धाटावच्या कंत्राटी कामगाराने नोकरी सोडून भागणार नाही, हे आम्ही त्याला स्पष्ट सांगितले.

आता त्या चार पानांकडे येऊ. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे एका गाण्यात अनेक हक्क असतात. शब्दांचा हक्क कवीचा, चालीचा संगीतकाराचा, ध्वनिमुद्रणाचा निर्मात्याचा, आणि गायन-वादनाचा कलावंताचा. एरवी यासाठी चार माणसे लागतात आणि त्यांत भांडणे होतात. या पोराच्या बाबतीत चारही माणसे एकच! नोंदणी केली तर पुरावा म्हणून चांगलेच, पण हक्क नोंदणीने जन्मत नाही, निर्मितीने जन्मतो. शब्द आणि चाल यांवरचा हक्क हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे तो सही करणार होता ती नातवंडांच्या काळापर्यंत पोचणारी होती.

२०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये मोठे संरक्षण आले. कवीने व संगीतकाराने हक्क विकले, तरी त्यांच्या कृतीच्या वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनातील समान वाटा त्यांना सोडून देता येत नाही. तसा करार केला, तर तेवढा भाग रद्दबातल. पुढे निघणाऱ्या माध्यमांबाबतही मोघम शब्दांनी भागत नाही, त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख लागतो. कलम १९ म्हणते की करार लेखी हवा, मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. मात्र एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. समान वाट्याचे हे संरक्षण शब्दांना आणि चालीला आहे, ध्वनिमुद्रणाला नाही. ज्याने २,८८० ठोके हाताने भरले, त्याची सर्वांत जास्त मेहनत ध्वनिमुद्रणातच असते. नेमकी तीच एका रकमेत जाणार होती.

इथवर आम्ही त्याचे वकील होतो. पण चौथे गाणे ऐकताना एक जागा खटकली होती. यंत्राच्या ठोक्यांमधून एकदम बेंजो वर येतो, आणि खरे सांगायचे तर आठ गाण्यांतली ती सर्वांत सुंदर जागा आहे. आम्ही विचारले, हा कुणाचा हात? म्हणाला, "विसर्जनाच्या मिरवणुकीत मोबाइलवर घेतलं." चाल कुठल्या सिनेमाची नव्हती, वाजवणाऱ्याने जागेवरच फिरवलेली होती. त्याला विचारलेस का? तो गप्प झाला. कंपनीच्या करारात एक कलम होते की यातील सर्व काही माझे स्वतःचे आहे. त्याखाली तो सही करणार होता. कलाकाराच्या संमतीविना त्याचे वादन वापरता येत नाही, त्याचाही हक्क ५० वर्षांचा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी कंपनी आपली मेहनत घेते म्हणून जो तक्रार करतो, त्याने दुसऱ्याची मेहनत न विचारता घ्यावी काय?

आठवड्याने त्याचा फोन आला. बेंजोवाला त्याला सापडला होता. सणासुदीला वाजवतो, बाकी वर्षभर रिक्षा चालवतो. सगळे ऐकून तो हसला म्हणे. "इतकी वर्षं वाजवतोय, कागद घेऊन येणारा तूच पहिला." दोघांनी ती जागा घरी नव्याने ध्वनिमुद्रित केली. साध्या मराठीत एक पानी करार आम्ही लिहून दिला. चौथ्या गाण्यावर आता दोन नावे आहेत आणि उत्पन्नात दोघांचा वाटा आहे.

कंपनीला आम्ही उत्तर पाठवले. मुदत ५ वर्षे, माध्यमांची नावे स्पष्ट लिहा, ध्वनिमुद्रणाच्या उत्पन्नात टक्केवारी द्या आणि हिशेब दर सहा महिन्यांनी. अजून उत्तर आलेले नाही, कदाचित येणारही नाही. त्या रकमेची त्याला गरज होती, हे आम्हाला माहीत आहे. त्याची रात्रपाळी चालू आहे आणि नववे गाणेही चालू आहे.

एकट्याने काम करणाऱ्याची अडचण हीच असते की सही करताना हात धरणारा कुणी शेजारी नसतो. आपल्या वस्त्यांमध्ये अशी मुले-मुली आज पुष्कळ आहेत, फोनवर रॅप करणारी, भीमगीतांना नवा साज चढवणारी. त्यांच्या खोलीत डोकावून हा काय गोंगाट, असे विचारण्यापेक्षा पालकांनी, कार्यकर्त्यांनी आणि आमच्यासारख्या वकिलांनी एवढेच विचारावे, "बाळा, कागद आला आहे का? आला असेल तर सही करण्याआधी दाखव."