स्टॅम्पपेपरवर बाप ठरत नाही

‘पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ, नोटरी करू, विषय संपला.’ मूल होत नसलेल्या घरात नवऱ्याचा मावसभाऊ किंवा एखादा मित्र वीर्य द्यायला तयार झाला, की असे बोलणे निघते. नागपुरात सिव्हिल लाइन्सला नोटरी लगेच मिळतो. पण तो सही कोणाची एवढेच पाहतो. मजकूर कोर्टात टिकेल याची हमी देत नाही. पोटगी हा मुलाचा हक्क आहे, मग मूल विवाहबाह्य का असेना. दोन मोठ्या माणसांना आपसात तो सोडून देता येत नाही.

दात्याला खरे संरक्षण मिळते ते 25 जानेवारी 2022पासून लागू झालेल्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात. नोंदणीकृत बँक, नोंदणीकृत क्लिनिक, सगळ्यांची लेखी संमती. मग कलम 31 प्रमाणे मूल त्या दांपत्याचे आणि दात्याचे पालकत्वाचे हक्क संपले. सिरिंज आणून घरीच उरकलेल्या मामल्याला यातले काहीच मिळत नाही.

‘नाव तर नवऱ्याचेच लागणार ना?’ लागते. लग्न टिकून असताना जन्मलेले मूल कायदा नवऱ्याचेच धरतो. पण विदर्भातलेच एक प्रकरण पाहा. चंद्रपूरला 1990मध्ये लग्न, पुढे पोटगीचा वाद. नागपूरच्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा डीएनए अहवाल आला, मग हैदराबादला फेरतपासणी झाली. मुलगी नवऱ्याची नाही, असेच दोन्हीकडून निघाले. 2014मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या गृहीतकापेक्षा हा अहवाल वरचढ मानला आणि मुलीची पोटगी रद्द केली. त्यात वीर्यदानाचा प्रश्न नव्हता. तरी तोंडी ‘हो’ म्हणणारा नवरा उद्या फिरला तर काय, याचा अंदाज येतो. जानेवारी 2025च्या एका निकालात त्याच न्यायालयाने गृहीतकावर भर दिला, म्हणजे खात्री कोणत्याच बाजूची नाही.

दात्याने मुलावर हक्क सांगितला तर? ऑगस्ट 2024मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आले. बीजांड देणारी, आईची सख्खी बहीण, जुळ्या मुलींची आई ठरू शकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. तिथे सरोगसीचा रीतसर करार होता आणि 2005ची मार्गदर्शक तत्त्वे आधाराला होती. घरगुती व्यवहारात असा आधार कुठून आणायचा?

‘माणूस ओळखीचा आहे, धडधाकट आहे.’ बँकेला एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस या चाचण्या कराव्याच लागतात. विदर्भात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा, तो सिकलसेलचा. वाहक माणूस चांगला धडधाकट असतो. पण दाता आणि आई दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के.

‘विकी डोनर’ चित्रपट पाहून एकच दाता पन्नास घरे भरतो असे वाटत असेल, तर आता बँकेला एका दात्याचे वीर्य एकाच दांपत्याला देता येते.

आणि एकट्या बाईला क्लिनिक दारातूनच परत पाठवते, हा समज तर अनेकींना या आडवाटेला लावतो. कायद्याने 21 ते 50 वयाच्या अविवाहित, विधवा, घटस्फोटित स्त्रीला स्वतःच्या नावावर उपचार घेता येतात.