बंदिस्त ट्रेलरचं आतलं काम : आधी पाण्याची वाट, मग भिंती



आजचा विषय वाचून एकाने मला विचारलं, "ट्रेलरला आतून फळ्या ठोकायच्या, त्यावर एवढं काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मलाही पहिल्या वर्षी असंच वाटलं होतं, आणि मार्च महिन्यात सगळ्या फळ्या उचकटून काढाव्या लागल्या. म्हणून आज बोलतोय.

भारतातून ऐकणाऱ्यांसाठी थोडी ओळख करून देतो. मी मिनेसोटात राहतो. स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची मोटरसायकल समजा. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, मध्ये पेट्रोलचं इंजिन. इथले लोक तिला नुसतं 'स्लेड' म्हणतात. आमच्याच राज्यात उत्तरेला रोझो गावात १९५४ साली पोलारिस कंपनी सुरू झाली. १९५९ साली क्वेबेकमधल्या व्हालकूरला बाँबार्डिए यांची स्की-डू आली. एका स्लेडचं वजन साधारण अडीचशे किलो. ती रस्त्यावरून न्यायची तर ट्रेलर लागतो. उघडा ट्रेलर असला, की रस्त्यावरचं मीठ आणि चिखल सगळा गाडीवर उडतो. म्हणून लोक बंदिस्त ट्रेलर घेतात.

नवीन ट्रेलर बहुतेकदा आतून उघडावाघडा येतो. १६ किंवा २४ इंचांवर ॲल्युमिनियमचे उभे खांब, बाहेरून पातळ पत्रा, खाली प्लायवूड. मी काय केलं? खांबांमध्ये काचलोकर भरली, वरून प्लायवूड गोंदाने चिकटवलं आणि जमिनीवर छान कार्पेट घातलं. डिसेंबरात सगळे वाहवा करत होते. मार्चमध्ये दार उघडलं तर कुबट वास. प्लायवूड मागून काळं पडलेलं आणि काचलोकर ओल्या घोंगडीसारखी खाली लोंबलेली. गळती कुठेच नव्हती, बरं का. मग पाणी आलं कुठून?

पाणी आम्हीच आत नेलं होतं. दिवसभर फिरून आलेल्या स्लेडच्या पट्ट्यात, चाकांच्या मध्ये बर्फ गच्च बसलेलं असतं. एका स्लेडला १० किलो धरा. चार स्लेड म्हणजे ४० किलो, वितळल्यावर ४० लिटर पाणी. दोन बादल्या आत ओतून दार लावल्यासारखंच झालं.

"मग हीटर लावा ना," असं कोणीतरी म्हणतंच. इथे जरा हिशोब करू. १ किलो बर्फ वितळायला सुमारे ३३४ किलोज्यूल लागतात. १५०० वॅटचा हीटर, उष्णता अजिबात वाया गेली नाही असं समजलं, तरी ४० किलो बर्फ वितळवायला जवळपास अडीच तास घेतो. ठीक आहे. पण तेच पाणी वाळवायचं असेल, म्हणजे त्याची वाफ करायची असेल, तर किलोला सुमारे २५०० किलोज्यूल. म्हणजे त्याच हीटरला साडेअठरा तास! हीटर बर्फ वितळवतो, पाणी वाळवत नाही. हे एवढं एक वाक्य आज घरी घेऊन जा.

आणि जी थोडी वाफ होते, ती जाते कुठे? २० अंशांची हवा घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम वाफ धरते. उणे २० अंशांची हवा फक्त सुमारे १ ग्रॅम. उबदार हवा थंड पत्र्याला टेकली, की उरलेलं सगळं तिथेच सोडते. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला पाणी सुटतं ना, तेच. फरक इतकाच की इथे ते भिंतीच्या मागे सुटतं, आपल्याला दिसत नाही.

आमच्या रत्नागिरीच्या घरी न्हाणीघराला उतार काढल्याशिवाय गवंडी फरशीला हात लावत नसे. ट्रेलरचंही तसंच. आधी पाण्याची वाट ठरवायची, मग बाकीचं.

सुरुवात जमिनीपासून. प्लायवूडच्या कडा आणि भोकं एपॉक्सीने किंवा चांगल्या रंगाने बंद करा, कारण प्लायवूड कडेनेच पाणी पितं. घरी आल्यावर पुढचा जॅक थोडा वर करून ट्रेलर मागे कलता ठेवा, म्हणजे पाणी दाराकडे येईल. स्कीखाली कार्बाइडच्या धारदार पट्ट्या असतात, रबरी पट्ट्यात पुष्कळदा खिळे असतात. ते नुसतं लाकूड सोलून काढतात. म्हणून स्कीच्या वाटेवर जाड प्लास्टिकच्या पट्ट्या आणि मधल्या वाटेवर रबरी मॅट. मॅट चिकटवू नका, उचलता आली पाहिजे. प्लास्टिक तापमानाने खूप लांबी बदलतं. उन्हाळा-हिवाळ्यात ६० अंशांचा फरक पडतो, तेवढ्यात आठ फुटांची पट्टी दीड-दोन सेंटिमीटर हलते. स्क्रू मध्यभागी घट्ट, बाकीच्या ठिकाणी लांबट भोकं. नाहीतर पट्टी कमानीसारखी वर उठते.

आता भिंती. फक्त वाहतूकच करायची असेल तर आतून थर नसला तरी चालतं. आत कपडे बदलायचे, दुरुस्ती करायची, तर बंद पेशींच्या फोमचे कडक तक्ते वापरा, ते पाणी धरत नाहीत. तक्त्यांचे सांधे टेपने बंद करा. खांब विसरू नका. ॲल्युमिनियम लाकडापेक्षा हजारपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. थंडीत माझ्या भिंतीवर बरोबर १६ इंचांवर दवाच्या उभ्या रेघा उमटायच्या! खांबावर पातळ फोमची पट्टी लावून मगच तक्ता बसवा. तक्त्याची खालची कड जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर हवी, म्हणजे तो पाणी शोषणार नाही. गोंद नको, स्क्रू वापरा. कधीतरी उघडून बघावं लागतंच. आणि तांब्याचं औषध मारलेलं लाकूड थेट ॲल्युमिनियमला टेकवू नका, ओलाव्यात ते धातू खातं.

वजनाचाही विचार करा. अर्धा इंची प्लायवूडचा ४ बाय ८ चा तक्ता साधारण २० किलो भरतो. बारा तक्ते लावलेत तर एक स्लेड भिंतीवरच चढली. ट्रेलरवरच्या पाटीवर जी कमाल मर्यादा लिहिलेली असते, त्यातून हे वजन वजा होतं. आणि स्लेड बांधायच्या कड्या खालच्या धातूच्या सांगाड्याला बोल्टने जोडा, नुसत्या प्लायवूडला नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा : हवा. एक झरोका खाली, एक वर, समोरासमोर. ऊब टिकावी म्हणून लोक ते बंद करतात. एकदा आम्ही वाटेत थांबलो. बाजूचं दार उघडलं तर पेट्रोलचा भपकारा आला, एका जुन्या स्लेडची नळी झिरपत होती. माझ्या मागे एक मित्र प्रोपेनचा हीटर घेऊन उभा होता, आत ठेवून पेटवायच्या तयारीत. मला वास आला नसता तर मी आज इथे नसतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती जमिनीवर साचते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी पेट घेते, आणि उणे ४० अंशांतही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं. थंडी आहे म्हणून धोका नाही, असं नसतं. म्हणून खालचा झरोका कधीच बंद करायचा नाही.

आणि गॅसचा हीटर भिंती वाळवायलाही उपयोगाचा नाही. १ किलो प्रोपेन जळताना १.६ किलो पाणी तयार करतो! शिवाय कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वास नाही. ट्रेलर बंद करून त्यात इंजिन चालू करू नका आणि हीटर पेटवून झोपू तर अजिबात नका.

एक प्रश्न आलाय : "कार्पेट घालूच नये का?" भिंतीवर वरच्या भागात हौस असेल तर घाला. जमिनीवर नको.

जाता जाता एक सोपी परीक्षा सांगतो. भिंती लावण्याआधी, उन्हाळ्यात, रिकाम्या ट्रेलरमध्ये दोन बादल्या पाणी ओता आणि बघत बसा. ते कुठे जातं, कुठे थांबतं, कुठल्या कोपऱ्यात शिरतं. जिथे थांबेल तिथे आधी काम करा. मी ही परीक्षा दुसऱ्या वर्षी घेतली. पहिल्या वर्षीच घेतली असती तर एक हिवाळा वाचला असता.