विचारलं तर काय बिघडतं?

आमच्या भागातल्या वस्तीत अभ्यासिका आहे. तिथे मी रोज संध्याकाळी दोन तास जाते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सहामाहीचा निकाल लागला आणि दहावीतली एक मुलगी एकदम गप्प झाली. पुढे बसणारी पोर कोपऱ्यात बसू लागली. "वयच असं असतं," म्हणून मीही सोडून दिलं. मग एक दिवस तिनं जिवापाड जपलेली रंगपेटी एका छोटीला देऊन टाकली. "मला आता नाही लागणार," म्हणाली. माझ्या काळजात धस्स झालं.

मुलं गेल्यावर तिला थांबवलं. विचारू की नको? नको ते डोक्यात भरलं तर? पण एका शिबिरात समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं, थेट विचारल्यानं आत्महत्येचा विचार मनात शिरत नाही, उलट मूल मोकळं होतं. धीर करून विचारलं, "जीव नकोसा झालाय का गं? मरावंसं वाटतं का?" तिला रडूच कोसळलं. "हो काकू. पण कुणी विचारलंच नाही."

मी उपदेश केला नाही, नुसती ऐकत बसले. "हे मात्र मी लपवून ठेवणार नाही, आईला सांगू या," म्हटलं आणि तिला सोबत घेऊनच घरी गेले. आई आधी चिडलीच. "काय कमी केलंय हो ताई आम्ही हिला?" कमी काहीच नव्हतं. चार घरची धुणीभांडी करून ती माउली क्लासची फी भरत होती आणि लेकीला त्याच फीचं ओझं झालं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. उपचाराला बरेच महिने लागले. आज ती बारावीत आहे.

मैत्रिणींनो, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यात सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात. आपण खापर निकालावर फोडतो, पण तो बहुधा निमित्त असतो. मागे नैराश्य, घरातली भांडणं, कुणाचा छळ, असं बरंच साचलेलं असतं.

झोप-जेवण बिघडणं, मित्र तोडणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, "मी नसले तर बरं होईल" असं बोलणं, ही नाटकं नव्हेत. अशा वेळी मुलाला एकटं सोडू नका, घरातली औषधं-रसायनं कुलपात ठेवा, डॉक्टरांना गाठा. २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. मराठीतही बोलता येतं.

मार्क किती पडले, हे आपण न चुकता विचारतो. आज जेवताना मन कसं आहे, तेही विचारू या.